पुस्तकाचा पत्ता कसा वाचायचा?

प्रश्न: वाचनालयाच्या संगणकावर मंगळ ग्रहावरच्या पुस्तकाचा क्रमांक ५२३.४३ असा दिसला. कपाटात ५२३.८ सापडला, तिथून पुढे टोकापर्यंत पाहिलं, पण पुस्तक नाही. नोंद मात्र ‘उपलब्ध’ म्हणते.
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: पुस्तक बहुधा जागेवरच आहे, तुम्ही त्याच्या पुढे निघून गेलात. दशांश चिन्हापुढचे आकडे ‘त्रेचाळीस’ असे वाचू नका; एकेक अंक घ्या. चार हा आठाच्या आधी येतो, म्हणून ५२३.४३ हे ५२३.८ च्या डावीकडे, कदाचित वरच्या कप्प्यात असेल. कपाटाचा एक उभा भाग वरून खाली संपवायचा, मगच शेजारच्या भागाकडे वळायचं.

ही अमेरिकी ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांची १८७६ सालची, पुस्तकं विषयवार लावण्याची दशांश पद्धत. ५०० विज्ञान, ५२० खगोलशास्त्र, ५२३.४ ग्रह, ५२३.४३ मंगळ, तारे ५२३.८ मध्ये. अंकांची संख्या वाढेल तसा विषय बारीक होत जातो. विषय कोणत्या अंगाने मांडलाय, तेही क्रमांक ठरवतो: भाजीपाल्याची लागवड ६३५, स्वयंपाक ६४१.५. त्यामुळे टोमॅटोवरची दोन पुस्तकं दोन कपाटांत असतात, आणि ते बरोबरच आहे.

या विषय-क्रमांकाखाली, म्हणजे वर्गांकाखाली, लेखकाच्या आडनावाची अक्षरं असतात. आतल्या पानावरचा दाखलांक वेगळा. तो पुस्तक आलं त्या क्रमाने पडतो; वर्गवारीने लावलेल्या कपाटात शोधायला त्याचा उपयोग नाही.

तरीही मिळालं नाही, तर परत आलेल्या पुस्तकांचं टेबल, मोठ्या आकाराच्या पुस्तकांचा तळकप्पा आणि संदर्भ विभाग पाहा. अंकांची अदलाबदल होऊन ५३२ मध्ये, म्हणजे द्रवांच्या यांत्रिकीत, गेलंय का तेही बघा. आणि कळकळीची विनंती: चाळलेलं पुस्तक स्वतः कपाटात खोचू नका, टेबलावर ठेवा. चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक अनेकदा थेट साठा-पडताळणीतच हाती लागतं.

प्रश्न: आमच्या सोसायटीत ६०० पुस्तकं जमली आहेत, बहुतेक मराठी कथा-कादंबऱ्या. ड्यूई लावावी का?
– वाचनालय समिती, वाशी, नवी मुंबई

उत्तर: माहितीपर पुस्तकांना लावा, आणि तीन अंकच पुरेत. कथा-कादंबऱ्यांना नको. या पद्धतीत अमेरिकी साहित्याला ८१०, इंग्रजीला ८२० असे सुटसुटीत आकडे मिळाले. मराठी कथा-कादंबरी मात्र ८९१.४६३ वर जाऊन पडते. तुमच्या बहुतेक पुस्तकांवर हाच लांबलचक आकडा आला, तर त्यातून काहीच वेगळं होणार नाही. त्याऐवजी ‘क’ आणि खाली आडनावाची पहिली दोन अक्षरं लिहा. कवितेला ‘का’, नाटकाला ‘ना’. बालसाहित्याचा कप्पा खाली, मुलांच्या हाताशी ठेवा.

वर्णक्रम एकदाच ठरवा. ‘क्षीरसागर’ हे ‘क’मध्ये की ‘ह’नंतर, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, नाहीतर दर रविवारी बसणारा नवा माणूस आपापल्या परीने लावेल.

लेबल कण्यावर तळापासून साधारण ३ सेंटिमीटर वर लावा, सगळ्यांवर एकाच उंचीवर, आणि वरून पारदर्शक पट्टी चिकटवा. तोच क्रमांक आतल्या पानावर पेन्सिलीने लिहा, कारण पावसाळ्यात लेबलं सुटतात. प्रत्येक कप्प्याचा पाव भाग रिकामा ठेवा. गच्च भरलात तर दहा नवी पुस्तकं आली, की अख्खं कपाट सरकवावं लागेल.