सीरममध्ये शिसाचा पीक गायब? इलेक्ट्रोड बदलू नको

भाऊ, तू विचारलंय की व्होल्टेज देऊन धातू मोजताना ॲसिटेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) शिसाचा पीक, म्हणजे ग्राफवरचं टोक, टाचणीसारखा उभा राहतो पण तोच बिस्मथ फिल्मवाला (बिस्मथ धातूचा पातळ थर दिलेला) इलेक्ट्रोड सीरममध्ये, म्हणजे पेशी काढून उरलेल्या रक्ताच्या द्रवात, बुडवला की ग्राफ सपाट, मग आता ग्राफीनचा इलेक्ट्रोड मागवू का. नको मागवू, पैसे वाचव.

मुळात शिसं सीरममध्ये शोधायचंच नाही. रक्तातलं ९९ टक्क्यांच्या आसपास शिसं तांबड्या पेशींत असतं आणि त्या पेशीच तू सेंट्रीफ्यूज करून फेकून दिल्या, म्हणजे भरीत करायला बसला अन् वांगंच टाकून दिलं! अख्खं रक्त घे. झिंकचं वेगळं, ते सीरममध्येच बघतात, फक्त पेशी फुटू द्यायच्या नाहीत, नाहीतर आतलं झिंक बाहेर येऊन आकडा फुगतो.

आता सीरममध्ये तू स्वतः वरून घातलेलं शिसंसुद्धा दिसलं नाही म्हणतोस. कसंय, -१.२ व्होल्टला दोन मिनिटं धातू फिल्ममध्ये गोळा करायचा आणि मग व्होल्टेज वर नेलं की -०.८ च्या जवळपास कॅडमियम, -०.५ ला शिसं सुटतं, हे खरं, पण गोळा व्हायला तो मोकळा तर पाहिजे ना. प्रोटीनने धरून ठेवला की येत नाही. शिवाय अल्ब्युमिन इलेक्ट्रोडवर दुधाच्या सायीसारखं चढतं, दुसऱ्या स्कॅनपासून पीक बसत जातो.

म्हणून आधी नायट्रिक ॲसिड आणि पेरॉक्साइडने डायजेशन, म्हणजे प्रोटीन मोडून धातू मोकळा करणं, फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणारं कपाट), आणि नंतर बफरने पातळ करून पीएच ४.५ च्या आसपास आहे ना ते खरंच मोजून बघ. ॲसिड उरलं तर -१.२ ला हायड्रोजनचे बारीक बुडबुडे इलेक्ट्रोडला चिकटतात, डोळ्यांना दिसतात, आणि त्या दिवसाचं काम गेलं समज.

सगळ्यात जास्त रडवतो तो ब्लँक, म्हणजे रक्त न घालता केलेली मोजणी. माझ्या प्रोजेक्टच्या वेळी मे महिना, जळगावचं ऊन, लॅबचं डिस्टिलेशन युनिट बंद, म्हणून मी गॅरेजवाल्याकडून बॅटरीत टाकायच्या डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणला आणि नुसत्या पाण्यातच शिसाचा पीक! आठ दिवस मी इलेक्ट्रोड घासत बसलो होतो, घासायची ॲल्युमिना पावडर संपवली. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये लहान मुलांच्या रक्तातल्या शिसासाठी ठरवलेली रेफरन्स व्हॅल्यू डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ३५ पीपीबी (अब्जात ३५ भाग), आणि डायजेशननंतर दहापट पातळ केलं की हातात उरतात ३.५. एवढ्याशा आकड्यात धुळीचा कणही बोलतो. बाटल्या रात्रभर १० टक्के नायट्रिकमध्ये ठेव, पावडरवाले ग्लोव्ह्ज वापरू नको, त्यात झिंक असतं.

आणि बफरमध्ये काढलेली कॅलिब्रेशन लाइन (किती शिसाला किती पीक, ती रेघ) रक्ताला लावू नको, प्रत्येक सॅम्पलमध्ये तीनदा स्टँडर्ड ॲडिशन कर, म्हणजे मोजून शिसं घालून पीक किती वाढतो ते बघ. वेळ जातो, पर्याय नाही.

आधी नुसत्या ब्लँकचे तीन ग्राफ काढून दाखव, मग रक्ताचं बघू.