सिग्नलला गाडी गरम होते, म्हणून नवी घ्यावी का?

प्रश्न: माझी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ८८,००० किलोमीटर झालेली. डोंबिवलीहून महापेला रोज ये-जा. महिनाभरापासून शिळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो की तापमानाचा काटा लाल रेषेपर्यंत चढतो, रस्ता मोकळा मिळाला की खाली येतो. गॅरेजवाल्याने हेड गॅस्केट गेलंय म्हणून ३४,५०० रुपयांचं कोटेशन दिलं आहे. शोरूमवाले हीच गाडी एक्स्चेंजला ९५,००० ला घेतायत. धडधाकट असती तर १ लाख ६० हजार आले असते म्हणाले. नवी गाडी ऑन-रोड ७ लाख ४० हजार. एफडीतून ४५,००० काढायचे, ६ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घ्यायचं आणि हप्ता बसवायला ८,००० ची एसआयपी थांबवायची, असा विचार आहे. हातात पगार ६८,०००, घराचा हप्ता १८,४००, घरखर्च ३५,०००, एफडी १ लाख ८० हजार. मुलगी नववीत. जुन्या गाडीत पैसे घालावेत का?

उत्तर: नमस्कार. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला त्या कोटेशनपेक्षा महत्त्वाचं वाटतं: रस्ता मोकळा मिळाला की काटा खाली येतो. गाडी धावत असताना समोरून येणारा वारा रेडिएटर, म्हणजे इंजिनाचं पाणी थंड करणारी पुढची जाळी, थंड करतो. ती उभी राहिली की ते काम एकट्या फॅनवर येतं. वेग घेतल्यावर ताप उतरत असेल, तर पंप पाणी फिरवतोय, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट मोकळी करणारी झडप) उघडतोय आणि रेडिएटर बराचसा मोकळा आहे, असं धरायला जागा आहे. संशय पहिला फॅनवर, मग त्याच्या फ्यूजवर आणि रिलेवर (फॅनची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच), तापमानाच्या सेन्सरवर, कमी झालेल्या कुलंटवर (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि रेडिएटरच्या झाकणावर जातो. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्या वरचा भाग, म्हणजे हेड, यांच्यामधली सील. ती गेलेली गाडी बहुधा चढावर आणि हायवेवर जास्त तापते. त्यामुळे कोणतीही चाचणी न करता कोणी हेड उतरवायला सांगत असेल, तर होकार देऊ नका. आणि तेवढ्यावरून ६ लाखांचं कर्ज तर नकोच.

आधी सकाळी गाडी पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा. कुलंटच्या बाटलीत पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का बघा, मग रेडिएटरचं झाकण काढून आत काठोकाठ भरलंय का ते पाहा. हे झाकण गरम गाडीवर कधीही उघडू नका. आतलं दाबाखालचं पाणी उसळून तोंडावर येतं. झाकणाचं रबर कडक झालं किंवा चिरलं असेल तर दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं. हा काही शे रुपयांचा भाग आहे.

झाकण लावून इंजिन सुरू करा आणि एसी चालू करा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर काही वेळातच रेडिएटरचा फॅन फिरायला लागतो. फिरला, तर मोटर जिवंत आहे. आता एसी बंद करून पंधरा-वीस मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा. काटा नेहमीच्या जागेच्या वर सरकला तरी फॅन लागला नाही, तर सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगमध्ये दोष आहे. लाल रेषेची वाट न बघता इंजिन बंद करा. एसी लावूनही फॅन हलला नाही, तर फ्यूज बघा, आणि शेजारच्या त्याच आकाराच्या रिलेशी अदलाबदल करून बघा.

तरीही फॅन फिरत नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, आणि शक्यतो पहाटे रिकाम्या रस्त्याने. त्याला फॅनचा प्लग तुमच्यासमोर काढायला सांगा. जुन्या गाडीत पुष्कळदा दोष तिथेच दिसतो: प्लगचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, एक पिन काळी, वर हिरवट बुरशीसारखा गंज. मग बॅटरीवरून दोन वायरी थेट मोटरला लावल्या की निकाल लागतो. मोटर फिरली तर वायरिंगचा दोष; नाही फिरली, किंवा टकटक केल्यावरच फिरली, तर बहुधा तिचे कार्बन ब्रश (मोटरच्या आत वीज पोचवणारे तुकडे) झिजलेत. दुरुस्तीनंतर जाळीसमोर एक कागद धरा, तो आत ओढला गेला पाहिजे. वायरी उलट जोडल्या तर पंखा वारा बाहेर फेकतो आणि गाडी पुन्हा तापते.

इथे एक विनंती. "फॅन डायरेक्ट करून देतो, चावी लावली की फिरेल" असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. स्वस्तात सुटतं, पण इंजिन सकाळी तापायला वेळ लागतो, मोटर विनाकारण झिजते आणि फ्यूज न टाकता ओढलेली वायर आगीला निमंत्रण देते. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपायही तसलाच.

फॅन व्यवस्थित फिरत असूनही गाडी तापली, तरच पुढचे संशय. रेडिएटर आणि त्याच्या पुढची एसीची जाळी (कंडेन्सर) यांच्या मध्ये चिखल, पिसं, कचरा बसलाय का बघा. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, हलक्या दाबाच्या पाण्याने धुवायचं. गॅस्केटची खात्री मात्र पुराव्यानेच करा: कुलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय, कुठेही गळती नसताना कमी होणारं कुलंट, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर. रेडिएटरच्या तोंडावर धरायची एक रासायनिक चाचणीही असते. जळालेला वायू पाण्यात मिसळत असेल तर निळा द्रव पिवळा होतो. ती करून देणारं गॅरेज शोधा. हेड उतरवण्याआधी एवढं मागायचा तुम्हाला हक्क आहे.

आता पैशांचं. ६ लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साधारण १२,६०० बसतो आणि व्याजच १ लाख ५६ हजार जातं. घराचा हप्ता धरून महिना ३१,०००, म्हणजे पगाराच्या ४५ टक्क्यांहून जास्त. आज हे प्रमाण २७ टक्के आहे. सध्या सगळं भागून तुमच्याकडे ६,६०० उरतात. एसआयपी थांबवून आणि हा हप्ता लावून २,००० उरतील, त्यातून विमा, सर्व्हिसिंग, दवाखाना सगळं भागवायचं. एफडी १ लाख ३५ हजारांवर येईल, म्हणजे घरखर्च आणि घराचा हप्ता मिळून जेमतेम अडीच महिन्यांची सोय. शिवाय मुलगी बारावी होऊन कॉलेजात जाईल तेव्हाही हा हप्ता चालूच असेल. थांबवलेल्या एसआयपीचे पाच वर्षांचे ४ लाख ८० हजार नेमके तिच्या फीसाठी हवे होते. मला या व्यवहारात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

नव्या गाडीची किंमत कशी उतरते तेही बघा. विम्याच्या हिशेबात पहिल्या वर्षाअखेर १५ टक्के, पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के घट धरतात. वर महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, तो गाडी विकताना सहसा परत मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला हे खरं, पण त्यासाठी याच महिन्यात गाडी घ्यायची घाई नाही.

म्हणून खर्चाची मर्यादा तपासणीच्या आधीच ठरवा. प्लग, रिले, सेन्सर, झाकण, फॅन मोटर यांत काम भागलं आणि बिल ८,००० च्या आत असेल, तर विचार न करता करून टाका, चालू खात्यातून. रेडिएटर किंवा पंप निघाला आणि १५,००० पर्यंत गेलं, तरी करा. गॅस्केट पुराव्यानिशी गेलेलं असेल, तरी ३४,५०० अडीच वर्षांवर पसरले तर महिना १,१५० पडतात. चांगल्या आणि तापणाऱ्या गाडीच्या किमतीतला फरकच ६५,००० आहे. मात्र हेड उतरवल्यावर फेसिंगच्या (पृष्ठभाग घासून सपाट करण्याच्या) आधी त्याला चीर आहे का हे तपासून घ्या. चीर निघाली आणि एकूण आकडा ४५,००० पुढे जाऊ लागला, तर तिथेच थांबा आणि दोष सांगून गाडी आहे तशी विका.

विम्यावर विसंबू नका. साध्या मोटर पॉलिसीत यांत्रिक बिघाड बसत नाही, आणि तापलेली गाडी चालवत ठेवल्याने झालेलं नुकसानही नाही. पुढेमागे गाडी विकाल तेव्हा नो-क्लेम बोनसचं पत्र कंपनीकडून मागून घ्या. तो बोनस गाडीचा नसून तुमचा असतो आणि तीन वर्षांच्या आत नव्या गाडीवर वापरता येतो.

निदान होईपर्यंत ही गाडी ट्रॅफिकमध्ये नेऊ नका. चार दिवस बसने किंवा लोकलने जा. ॲल्युमिनियमचं हेड एका जोरदार उकळीत वाकू शकतं, आणि मग आज खोटं असलेलं ते गॅस्केटचं कोटेशन खरं होतं. तरीही वाटेत अडकलात, तर एसी बंद करा, हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू करा, काचा खाली घ्या, बाजूला थांबून इंजिन बंद करा. गरम इंजिनावर थंड पाणी ओतू नका.

दुरुस्ती झाली की उरणाऱ्या ६,६०० पैकी ६,००० ची आरडी सुरू करा, एसआयपी चालू ठेवून. साडेसहा टक्के धरले तर अडीच वर्षांत साधारण १ लाख ९५ हजार जमतात. तुमच्या गाडीची नोंदणी २०२९ पर्यंत आहे, म्हणजे बदलायला वेळ आहे. त्या वेळी कर्ज ४ लाखांवर आणता आलं, तर याच दराने हप्ता ८,४०० च्या आसपास येईल.

इलेक्ट्रिशियनकडून सुट्या भागांचं वेगळं लिहिलेलं बिल आणि काढलेले जुने भाग मागून घ्या. पन्नास-पन्नास प्रमाणात कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरलं असेल तर तेही बिलावर लिहून घ्या. गाडी विकताना हेच कागद पुढच्या माणसाला दाखवायला लागतात.