जुन्या हवाईयन हुला (तिथला पारंपरिक नाच) गाण्याची लय १६० (मिनिटाला इतके ठोके), पट्टी डी मेजर आणि भाव 'आनंदी' असं ॲप दाखवतंय. बरोबर असेल का?

तिन्हीपैकी एकावरही मी पैज लावणार नाही. मी पेटी आणि हवाईयन गिटार वाजवतो. हुला नाचत नाही, तेव्हा नाचाबद्दल लिहितोय ते पाहून-वाचून.

१६० ही बहुतेक दुगुन, म्हणजे दुप्पट, मोजली गेलीय. युकुलेलेवर (गिटारसारखं छोटं वाद्य) हात खाली येताना वाजतो आणि वर जातानाही, ॲप दोन्ही फटके धरतं. तुम्ही पाय मोजा. हुलाचं नेहमीचं पाऊल म्हणजे काहोलो: उजवीकडे एक पाऊल, दुसरं जोडून घ्यायचं, पुन्हा उजवीकडे, पुन्हा जोडायचं. चार मात्रा झाल्या. मग तेच डावीकडे. एकूण आठ, म्हणजे आपल्या केरव्याचं एक आवर्तन. गुडघे वाकवून हे १६० ला करून बघा (घरात कोणी नसताना). ८० ला ते सुखानं पडतं.

पट्टीचा घोळ जास्त मजेदार आहे. कडवं सुरू होण्याआधी आणि दोन कडव्यांच्या मधे वाद्यं एक छोटा तुकडा वाजवतात, त्याला 'व्हॅम्प' म्हणतात. गाणं पांढरी एकचं (म्हणजे 'सी'चं) असेल तर हा तुकडा डी सेव्हन, जी सेव्हन, मग सी अशा कॉर्डनी (एकत्र वाजणाऱ्या स्वरांनी) येतो. म्हणजे सुरुवातच 'रे'वरून! पेटीवर वाजवून बघा: पहिल्या कॉर्डमधला तीव्र मध्यम, दुसऱ्यातला शुद्ध मध्यम आणि मग गंधार, अशी सरकत उतरणारी पायरी ऐकू येईल. स्टील गिटारवाला (हवाईयन गिटारच ती) तिथे मींड घेतो आणि कानाला लगेच 'हवाई' कळतं. ॲप मात्र त्या पहिल्या कॉर्डला फसत असावं. म्हणून सुरुवात सोडा, गाणं जिथे थांबतं तो स्वर धरा. त्यातून रेकॉर्ड जुनी, मिनिटाला ७८ फेरे घेणारी असेल आणि डिजिटल करताना तबकडी ६ टक्के जोरात फिरली असेल, तर सूर अर्धा स्वर चढलेला असतो. आणि तसंही पट्टी गाण्याची नसते, गळ्याची असते. भजनात बुवा ठरवतात, तसंच तिथेही.

भावाचं मात्र कुठल्याही ॲपला विचारू नका. 'काउलाना ना पुआ' ऐका. चाल मेजर, हसरी, कडेवरच्या पोरालाही डोलायला लावेल अशी. १८९३ मध्ये हवाईच्या राणी लिलिउओकलानींची सत्ता उलथवली गेली. रॉयल हवाईयन बँडच्या वादकांनी नव्या सरकारच्या निष्ठापत्रावर सही करायला नकार दिला आणि एलन प्रेंडरगास्ट यांनी त्यांच्यासाठी हे गाणं लिहिलं. सही करणार नाही, सरकारचा पैसा नको, आमच्या भूमीचे दगड आम्हाला पुरतात, असं त्यात म्हटलंय. कित्येक हवाईयन लोकांना या गाण्यावर नाचणंच योग्य वाटत नाही.

ॲपच्या लेखी तेही 'आनंदी'च निघेल. तुमच्या गाण्याचे शब्द मिळाले तर इथे टाका. शेवटच्या कडव्यात 'हाइना' हा शब्द आला की समजा, गोष्ट सांगून झाली, आता शेवटचा व्हॅम्प. तिथून पट्टी काढून देतो.