४२९४९६७२९७ : अवयव शोधण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

4294967297 चे अवयव संगणकाने क्षणात दिले, मग आता यात शिकण्यासारखं काय उरलं, असं तू विचारलंस. माझ्या मते शिकायचं ते सगळं अजून उरलंय.

ही संख्या म्हणजे 2 चा 32 वा घात अधिक 1. 32 च्या जागी घातांक 1, 2, 4, 8, 16 घेतले तर 3, 5, 17, 257, 65537 अशा मूळ संख्या मिळतात. त्यावरून घातांक असाच दुप्पट करत गेल्यावर पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असं फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला 1640 च्या सुमारास वाटलं. 1732 मध्ये ऑयलर या गणितज्ञाने दाखवून दिलं की 641 ने हिला पूर्ण भाग जातो. दुसरा अवयव 6700417.

ऑयलरला 641 सापडली कशी, तिथे थांब. समजा p ही मूळ संख्या हिचा विभाजक आहे. मग 2 च्या 32 व्या घाताला p ने भागल्यावर बाकी −1 (म्हणजे p ला एक कमी), आणि 64 व्या घाताला 1. त्याआधीच्या कुठल्याही घाताला बाकी 1 येत नाही. हे का, ते स्वतः पडताळून पाहा. आता फर्माचं प्रमेय सांगतं की p−1 व्या घातालाही बाकी 1 येते. म्हणून p−1 ला 64 ने भाग गेलाच पाहिजे. अशा मूळ संख्या क्रमाने लिहिल्या तर 193, 257, 449, 577, 641. पाचव्या भागाकाराला उत्तर! प्रमेय फर्माचंच होतं, आणि तरी त्याच्याकडून हे निसटलं, याचं मला फार वाटतं.

यापेक्षाही सुंदर गोष्ट म्हणजे 641 = 5 × 128 + 1, आणि 641 = 625 + 16 सुद्धा. या दोन ओळींवरून, भागाकार न करता, 641 ने भाग जातो हे सिद्ध होतं. पहिलीवरून 5 × 128 ची बाकी −1; तिचा चौथा घात करून बघ, मग दुसरी वापर.

आणि हे बघ: ही संख्या 65536 आणि 1 यांच्या वर्गांची बेरीज आहे, तशीच 62264 आणि 20449 यांच्या वर्गांचीही. मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून फार तर एकाच रीतीने लिहिता येते. म्हणजे एकही अवयव माहीत नसताना ही मूळ नाही हे कळतं.

संगणक जरूर वापर, मीही वापरते. पण चालू करण्याआधी शोधाचं क्षेत्र किती आक्रसता येतं ते कागदावर बघत जा. मोठ्या संख्यांपुढे नुसता वेग पुरत नाही.

आता 6700417 मूळ आहे हे तू दाखव. ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने 1878 मध्ये वरच्या युक्तिवादात 64 च्या जागी 128 चालतं, म्हणजे p−1 ला 128 नेही भाग जातो, हे सिद्ध केलं. 6700417 चं वर्गमूळ 2588 च्या आसपास आहे. तेवढ्यात बसणाऱ्या अशा मूळ संख्या पाचच: 257, 641, 769, 1153, 1409. त्यातली 257 भागाकार न करताच बाद होते. कशी, तेही लिही. उरलेले चार भागाकार हाताने कर आणि बाक्यांसकट मला पाठव.

तुझ्या बाई