लॉ करता करता नोकरीची तयारी कधीपासून आणि कुठून सुरू करावी?

तुम्ही विचारलंय की लॉचं अर्धं शिक्षण झालंय, अजून एकही इंटर्नशिप केलेली नाही, तर नोकरीच्या मागे आत्तापासून लागायचं का निकालानंतर बघायचं. आत्तापासूनच लागा. मी वकिली करतो आणि आमच्या ऑफिसला येणारे इंटर्न लोकांचे अर्ज बरीच वर्षं मीच बघतोय, त्यावरून सांगतो.

रेझ्युमे नंतर, आधी जायचं कुठे ते ठरवा. कोर्टात उभं राहायचंय, फर्ममध्ये जायचंय, कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटला, न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क म्हणून, का सरकारी नोकरीत, कारण प्रत्येक ठिकाणचं भरतीचं टायमिंग वेगळं असतं. मोठ्या फर्म्स पोरं खूप आधी हेरून ठेवतात, अमेरिकेत तर दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यातल्या कामासाठी पहिल्या वर्षातच इंटरव्ह्यू सुरू होतात. छोट्या ऑफिसात काम वाढलं की माणूस घेतात, तिथे बहुतेकदा जाहिरात येतच नाही, ओळखीपाळखीतच विचारतात. कंपन्यांना बऱ्याचदा आधी कुठेतरी काम केलेला माणूस लागतो, म्हणजे तिथे जायचं असेल तरी पहिली नोकरी दुसरीकडे धरायची तयारी ठेवा.

दुसरं म्हणजे परवाना. नुसत्या डिग्रीवर बऱ्याच देशांत वकिली करता येत नाही. भारतात सनद (वकील म्हणून नोंदणी) घेऊन बार कौन्सिलची एआयबीई ही परीक्षा पास व्हावं लागतं, इंग्लंड-वेल्समध्ये सॉलिसिटर व्हायचं तर २०२१ पासून एसक्यूई नावाची परीक्षा आहे आणि वर दोन वर्षांचा कामाचा अनुभव, पण तो अनुभव शिकताना लॉ क्लिनिकमध्ये, म्हणजे विद्यार्थी लोकांना कायद्याची मदत करतात तिथे, केलेल्या कामातूनही धरता येतो! हे आधी माहीत असेल तर सुट्टीत कुठे काम करायचं ते नीट ठरवता येतं. कॉलेजच्या परीक्षा, अर्जाच्या तारखा, परवान्याची परीक्षा सगळं एकाच कॅलेंडरवर टाका आणि शेवटून मागे मोजत या.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आणि याकडेच मुलं दुर्लक्ष करतात: तुमच्या हातचं लिहिलेलं काहीतरी तयार ठेवा. पाच-सहा पानं पुरे. मूटचं, म्हणजे कॉलेजांच्या नकली कोर्टाच्या स्पर्धेचं, मेमोरियल (लेखी युक्तिवाद) टीमने लिहिलेलं असतं, त्यातला कुठला भाग तुमचा ते स्पष्ट सांगा, नाहीतर एखाद्या निकालावर स्वतः नोट लिहा, म्हणजे वाद काय होता, कोर्टाने कुठल्या मुद्द्यावर ठरवलं आणि तुम्हाला ते का पटतं किंवा पटत नाही. मी अशी नोट वाचताना पहिल्या परिच्छेदात मुद्दा सापडतो का आणि दाखला म्हणून दिलेला जुना निकाल खरंच तेच म्हणतो का एवढं बघतो, दाखला उघडून बघतोच. एआयकडून आणलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल तिथेच पकडले जातात. इंटर्नशिपमधला ड्राफ्ट दाखवायचा असेल तर आधी सीनियरची परवानगी घ्या आणि पक्षकारांची नावं, रकमा, केस नंबर सगळं काढून टाका. अशिलाची माहिती तशीच पाठवणाऱ्याला मी दारातही उभं करणार नाही, मग मार्क कितीही असोत.

मार्कांचं म्हणाल तर मोठ्या फर्म्स बघतात, बाकी ठिकाणी ठीकठाक असले तरी चालतं.

मेल करताना शंभर जणांना एकच मजकूर पाठवू नका. त्या ऑफिसात कुठल्या प्रकारच्या केसेस चालतात ते बघा, त्यातलं तुम्हाला काय शिकायचंय आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत येऊ शकता ते चार ओळीत लिहा, उत्तर नाही आलं तर आठवड्याभराने एकदा आठवण करा, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, आम्ही खरंच कामात असतो. आणि काम संपलं की शिफारसपत्र लगेच मागून घ्या, तेव्हा तुम्ही काय काय केलंत ते सीनियरच्या डोक्यात ताजं असतं.