पहिला स्कॅनर घेताना: कोडपेक्षा आकडे दाखवणारा घ्या

तेल, प्लग, ब्रेक पॅड तुम्ही घरीच बदलता, आता चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलाय आणि तुमच्यासमोर तीन पर्याय आहेत: साधा कोड रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला दोषाचा कोड वाचणारा), फोनला जोडायचा ब्लूटूथ डोंगल आणि टॅबलेटसारखा महागडा स्कॅनर. पैसे बेतानेच घालायचे आहेत. माझं उत्तर आधीच सांगतो. लाइव्ह डेटा (चालू इंजिनचे त्या त्या क्षणाचे आकडे) आणि फ्रीझ फ्रेम (दोष नोंदला गेला त्या क्षणाचे आकडे) दाखवणारं काहीही घ्या, मग तो चांगला डोंगल असो की हातातला मधल्या दर्जाचा स्कॅनर. वाचलेल्या पैशांत एक बरा मल्टिमीटर घ्या.

त्याआधी एक गोष्ट. दिवा स्थिर नसून लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग करतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाहीये. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून खराब होतो. तसं असेल तर गाडी चालवू नका, स्कॅनरची निवड नंतर होईल.

आता नुसता कोड रीडर का नको, ते सांगतो. कोड म्हणजे पत्ता, गुन्हेगाराचं नाव नव्हे. पी०१७१ घ्या. त्याचा अर्थ एवढाच, की मिश्रणात हवा जास्त आणि इंधन कमी पडतंय. कुठून तरी हवा आत शिरत असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, पंप अशक्त झाला असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपला गळती असेल. या सगळ्यांचा कोड एकच येतो.

माझ्या गाडीला नेमका हाच कोड आला होता. एका गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर बदलून दिला आणि आठवड्याच्या आत दिवा परत लागला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. माझ्याकडे तेव्हा साधा कोड रीडर होता, तो प्रत्येक वेळी तेच चार आकडे दाखवायचा. शेवटी मित्राचा लाइव्ह डेटावाला स्कॅनर आणला, इंजिन चांगलं गरम होऊ दिलं आणि फ्युएल ट्रिम उघडले.

ट्रिम म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के इंधन वाढवलं किंवा घटवलं, तो आकडा. शॉर्ट टर्म त्या क्षणाचा असतो, लाँग टर्म म्हणजे मुरलेली सवय. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास हवी, दहाच्या आत असेल तर सहसा चिंता नसते. माझ्या गाडीत आयडलिंगला लाँग टर्म अधिक १८ आणि शॉर्ट टर्म अधिक ८ होता. अ‍ॅक्सिलरेटर दाबून २५०० आरपीएमवर धरला, तर बेरीज ५ वर उतरली. तिथेच उत्तर होतं. आयडलिंगला थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, इंजिन थोडीच हवा ओढतं, त्यामुळे फटीतून शिरणाऱ्या हवेचा वाटा मोठा ठरतो. रेस वाढवली की एकूण हवा खूप वाढते आणि तीच गळती किरकोळ होते. उलट, आयडलिंगला आकडे ठीक आणि लोड वाढेल तसे चढत गेले, तर इंधन पुरत नाही किंवा हवेचा सेन्सर कमी मोजतोय असं समजून शोध घ्यावा.

मग मी थ्रॉटलच्या पुढचा प्रत्येक होज पाइप बोटाने चाचपला. क्रँककेसमधली वाफ इनटेकला नेणाऱ्या पाइपच्या वळणाला, खालच्या बाजूने, नखाएवढी चीर होती. वरून बघून काहीच दिसत नव्हतं, वळण दाबलं की ती तोंड उघडायची. बोट तिच्यावर दाबून धरलं तर आयडलिंगचा आवाजच बदलला. पाइप बदलला आणि काही दिवसांत लाँग टर्म ३ वर आला. सेन्सर बिचारा सुरुवातीपासून खरं तेच सांगत होता.

म्हणून स्कॅनर घेताना हे आकडे नक्की दिसतात ना ते बघा: दोन्ही ट्रिम, कूलंटचं तापमान, ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्ट, हवेचा प्रवाह, आरपीएम. शक्यतो आलेखात दिसावेत, कारण सेन्सरची चाल आकड्यांपेक्षा रेषेत पटकन कळते. थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल, तर तापमानाची रेषा चढता चढता मध्येच रेंगाळते आणि ते पाच मिनिटं बघत बसलं तरी लक्षात येतं. डब्यावर लिहिलेल्या 'हजारो कोड'च्या संख्येला मात्र महत्त्व देऊ नका. कोडचा अर्थ कुठेही सापडतो, आकडे फक्त तुमच्या गाडीतूनच मिळतात.

फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, तापमान, लोड. थंड इंजिनवर आयडलिंगला आलेला मिसफायर (म्हणजे मिसिंग) आणि चढावर पूर्ण लोडवर आलेला मिसफायर यांचा तपास वेगळा असतो. आणि कळकळीने सांगतो, ही माहिती लिहून घेतल्याशिवाय कोड पुसू नका. पुसताना फ्रीझ फ्रेम जाते आणि गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही, म्हणजे रेडिनेस मॉनिटर, 'अपूर्ण' होतात. त्या पुन्हा पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं, आणि तोवर जिथे प्रदूषण तपासणी स्कॅनर जोडायच्या याच पोर्टवरून होते तिथे गाडी नापास होऊ शकते. मीही सुरुवातीला घाईने पुसून टाकायचो आणि मग तोच दोष परत दिसेपर्यंत वाट बघत बसायचो.

डोंगल स्वस्त आणि सोयीचा, पण नकली माल फार. यातल्या बहुतेकांचा पाया ईएलएम३२७ ही कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची चिप. तिच्या असंख्य नकला निघाल्या. 'व्हर्जन १.५' नावाची चिप मूळ कंपनीने कधी काढलीच नाही, तरी तो आकडा सर्रास छापलेला दिसतो. नकली डोंगल कोड वाचेलही, पण मध्येच जोडणी तुटते किंवा आकडे इतके सावकाश येतात की ट्रिमची हालचाल निसटते. त्यामुळे नाव असलेल्या कंपनीचा, थोडा महाग डोंगल घ्या. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ डोंगल अ‍ॅपला जोडला जात नाही, ब्लूटूथ एलई किंवा वाय-फायवाला लागतो. काम झालं की काढून ठेवा. १६ पिनांच्या त्या पोर्टच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा करंट कायम असतो आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरते.

गाडीचं साल आणि ती कोणत्या बाजारासाठी बनली तेही बघा. अमेरिकेत ओबीडी-२ (गाडीने आपले दोष स्कॅनरला कसे सांगायचे याचं ठरलेलं मानक) १९९६ पासून सक्तीचं आहे, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेलला त्यानंतर. त्याआधीच्या गाड्यांत पोर्ट तसाच दिसला तरी भाषा वेगळी असू शकते.

आणि ही सक्ती फक्त इंजिन आणि धूर यांच्यापुरती आहे. एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग यांचे कोड स्वस्त स्कॅनर बहुधा वाचत नाही. तुम्ही ब्रेक पॅड स्वतः बदलता म्हणून हा मुद्दा तुमच्यासाठी खास. मागच्या चाकांना इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल, तर ब्रेकचा पिस्टन मागे घेण्यासाठी गाडीला सर्व्हिस मोडमध्ये न्यावं लागतं. काही गाड्यांत ते बटणांनी जमतं, काहींत स्कॅनरच लागतो. क्लॅम्प लावून जबरदस्तीने दाबलं तर आतली यंत्रणा मोडते. तुमची गाडी अशी असेल, तर त्याच मॉडेलला हे फंक्शन चालतं का याची खात्री करूनच पैसे द्या. काही कंपन्यांच्या गाड्यांसाठी खास सॉफ्टवेअर मिळतं, उदाहरणार्थ फोर्ड आणि माझ्दासाठी फोरस्कॅन, फोक्सवॅगन गटासाठी व्हीसीडीएस. साध्या स्कॅनरपेक्षा ती कितीतरी खोल जातात.

टॅबलेटवाला स्कॅनर तुम्हाला आत्ता नको. पंखा, पंप हुकूम देऊन चालवून बघणं हे त्याचं खरं बळ, पण ती गरज एकाच गाडीला क्वचित पडते. शिवाय काहींत अपडेटचे पैसे दरवर्षी भरावे लागतात.

मल्टिमीटर का, तर बॅटरी दमली की गाडी भलतेच कोड दाखवते. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन सुरू असताना साधारण १३.५ ते १४.५ दिसली पाहिजे. ते आधी मोजा. मग कोड, फ्रीझ फ्रेम, आणि गरम इंजिनवर आयडलिंगचे व २५०० आरपीएमचे दोन्ही ट्रिम लिहून इथे टाका. पार्ट मागवण्याआधी टाका, आपण मिळून बघू.