मेटल डिटेक्टरला मोठी कॉइल कधी लावायची? इक्विनॉक्ससाठी १५ इंची घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की इक्विनॉक्स ८०० हा मेटल डिटेक्टर घेऊन वर्ष झालं, सोबत आलेली ११ इंची कॉइलच (दांड्याच्या टोकाची, जमिनीवर फिरवायची चकती) वापरताय, लिंकनशायरमधल्या एका शेतकऱ्याने त्याच्या शेतात फिरायची परवानगी दिलीय, आणि आता खोलवरचं सापडावं म्हणून १५ इंची घ्यायचा विचार आहे. मी पीटरबरोजवळ राहतो, हेच मशीन सहा वर्षं वापरतोय आणि ६ इंची, ११ इंची आणि १५ बाय १२ इंची अशा तिन्ही कॉइल माझ्याकडे आहेत, म्हणून अनुभवाचं सांगतो.

नुसत्या खोलीसाठी घेत असाल तर नका घेऊ. पण मोठं मोकळं रान एका दिवसात नीट बघायचं असेल तर जरूर घ्या, त्या कामाला तिच्यासारखी दुसरी नाही.

कारण असंय की कॉइलमधून निघणारं चुंबकीय क्षेत्र लांब गेलं की फार झपाट्याने विरतं, आणि ते नुसतं वस्तूपर्यंत पोचून भागत नाही, वस्तूकडून परतही यावं लागतं, त्यामुळे कॉइलच्या आकारापेक्षा बऱ्याच जास्त खोलीवर गेलं की अंतर दुप्पट झाल्यावर सिग्नल निम्मा होत नाही, ६४ पट कमी होतो. म्हणजे कॉइल चार इंच मोठी केली म्हणून खोली चार इंच वाढली असं होत नाही. शिवाय मोठ्या कॉइलचं क्षेत्र पसरट असतं. तेच पाणी एका वाफ्यात सोडलं तर वाफा भरतो, चार वाफ्यांत सोडलं तर नुसती ओल लागते, तसं समजा. मोठी वस्तू त्या ओलीवरही बोलते, बारीक वस्तू गप्प बसते.

हे मी स्वतः करून बघितलंय. घरामागच्या बागेत १० इंचावर जुनी पेनी पुरून ठेवलीय, ती दशमान पद्धतीच्या आधीची, चांगली ३१ मिलिमीटरची, आणि ७ इंचावर व्हिक्टोरियाच्या काळातलं चांदीचं थ्रीपेन्स, म्हणजे जेमतेम १६ मिलिमीटर. १५ इंची लावली की कॉइल डावीकडे झुलवा की उजवीकडे, पेनी दोन्ही बाजूंनी स्वच्छ वाजते, ११ इंचीने तिथे नुसती कुजबुज. पण थ्रीपेन्सवर उलटं, ११ इंचीने ठणठणीत आणि १५ इंचीने एका बाजूने वाजतं, दुसऱ्या बाजूने नाही. शेतात असा सिग्नल आला असता तर मी पुढे गेलो असतो. आणि इंग्लंडमधली मध्ययुगीन चांदीची नाणी म्हणजे पातळ पत्रा असतो, त्यात पेनीचे कापून केलेले अर्धे आणि पाव तुकडे तर नखाएवढे. तुम्हाला ती हवी असतील तर मोठी कॉइल तुमच्या कामाची नाही.

मग कधी लावायची? शेत मोठं हवं, त्यात लोखंडाचा कचरा कमी हवा आणि जमीन सपाट हवी, आणि माझ्या मते सपाटपणा सगळ्यात महत्त्वाचा. कापणी झाल्या झाल्या गव्हाची धसकटं उभी असतात, त्यात मोठी कॉइल घातली की ती धसकटांवर तरंगत राहते, जमिनीपासून तीन-चार इंच वर, म्हणजे वाढीव खोली तिथेच गेली, शिवाय कॉइलला सारखे धक्के आणि खोटे आवाज. ताज्या नांगरटीतही तेच, ढेकळांवरून ती अडखळते. शेत नांगरून, ढेकळं फोडून, पेरणीच्या वेळी वरून रोलर फिरला की मग तिचे दिवस येतात, मात्र पेरणी झाली असेल तर आत जायच्या आधी शेतकऱ्याला परत विचारा. त्या जमिनीवर तुम्ही कॉइल घासल्यासारखी खाली ठेवू शकता. या कॉइल डबल-डी आहेत, म्हणजे आत तारेची डी आकाराची दोन वेटोळी असतात, आणि अशा कॉइलची पकड टाचेपासून टोकापर्यंत उभ्या पट्टीत असते, त्यामुळे १५ इंचीवर दर झोक्याला पाऊल जास्त पुढे टाकलं तरी मधली जागा सुटत नाही. ३०-४० एकराच्या, तासाला दोनच सिग्नल देणाऱ्या शेतात हा फरक दिवसभरात खूप मोठा पडतो.

अशाच एका शेतात मला दोन वर्षांपूर्वी क्रोटल बेल मिळाली, म्हणजे गुराढोरांच्या आणि घोड्यांच्या गळ्यात असायचं ते मोठं घुंगरू. आपल्याकडे बैलाच्या घुंगरमाळेत असतं तसंच, फक्त लिंबाएवढं. १५ इंचीवर लांबट पण एकसारखा आवाज होता, मी मुद्दाम कॉइल बदलून ११ इंचीने त्याच जागेवर बघितलं तर तुटक तुटक काहीतरी, नीट कळेना. साधारण १० इंचावर निघालं. चिखल पुसला तर खाली आर आणि डब्ल्यू अशी दोन अक्षरं, हे विल्टशायरमधल्या ऑल्डबोर्न गावच्या रॉबर्ट वेल्सच्या ओतशाळेचं खूण-चिन्ह, अठराव्या शतकातलं. आतला लोखंडी खडा अजून सुटा होता, हलवल्यावर वाजलं. बांधावर एकटा उभा राहून मी ते किती वेळ वाजवत होतो कोण जाणे, आजोळच्या बैलांची आठवण आली.

त्याच शेतकऱ्याचं दुसरं शेत चर्चला लागून आहे, तिथे पूर्वी घरं होती, जमिनीत खिळेच खिळे. तिथे मोठ्या कॉइलखाली एका वेळी चार-पाच खिळे येतात आणि मशीन त्यांचंच ऐकत बसतं. दोन रविवार काही नाही. तिसऱ्या वेळी ६ इंची लावून अगदी सावकाश फिरलो तर एका खिळ्याला चिकटल्यासारखा पेनीचा कापलेला अर्धा तुकडा निघाला, माझ्याच जुन्या पावलांच्या रेषेत.

नॉर्थॅम्प्टनशायरच्या बाजूला गेलात तर तिथली आयर्नस्टोनची तांबूस माती लोहयुक्त आहे, मोठी कॉइल मातीच जास्त बघते आणि मशीन बडबडतं. विजेच्या तारांखालीही तसंच, मोठी कॉइल म्हणजे मोठी अँटेना. गप्प करायला सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनची संवेदनशीलता, खाली आणावी लागते, आणि तेवढी खाली आणली की मोठ्या कॉइलचा फायदा संपला, सरळ ११ इंची लावा.

घेतलीच तर दोन गोष्टी. भार दांड्याच्या टोकाला येतो, दुपारपर्यंत खांदा भरून येतो, हार्नेस, म्हणजे भार अंगावर घेणारा पट्टा, लागेल. आणि नेमकी जागा सापडत नाही म्हणून लोक भलामोठा खड्डा करतात, त्यापेक्षा कॉइल झुलवत झुलवत स्वतःकडे मागे ओढत या, आवाज जिथे थांबेल तिथे वस्तू कॉइलच्या टोकाच्या पुढ्यात असते. पुढचं पिनपॉइंटरने, म्हणजे खड्ड्यात धरायच्या छोट्या हातडिटेक्टरने.

आता खोलीबद्दल एक गोष्ट, जी मला मनापासून सांगावीशी वाटते. नांगर साधारण २०-३० सेंटीमीटर जातो. त्या थरातली वस्तू आधीच जागेवरून हललेली असते, ती काढून तुम्ही तिला पुढच्या नांगरापासून आणि खतांपासून वाचवता. त्याखालचा थर मात्र न हललेला असतो, आणि वस्तू कशी, कशाशेजारी ठेवली होती ही माहिती तिथेच असते. २०१० साली सॉमरसेटमध्ये फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प यांना एक विचित्र सिग्नल आला, ते साधारण ३५ सेंटीमीटर खणत गेले, मडक्याचा काठ दिसला आणि त्यांनी हात थांबवून पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं. त्या मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी होती, सगळं मिळून १६० किलो. तज्ज्ञांनी ती थराथराने काढली म्हणून कोणत्या काळातली नाणी मडक्यात कुठल्या थरात होती हे आज माहीत आहे. क्रिस्प यांनी एकट्याने उपसली असती तर नुसता नाण्यांचा ढीग उरला असता. तर मोठ्या कॉइलने खोल, रुंद, दमदार सिग्नल दिला आणि नांगराच्या थराखाली गेलात की थांबा, तुमच्या काउंटीच्या फाइंड्स लायझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करा. कायद्याने ट्रेझर, म्हणजे खजिना, ठरणारी वस्तू असेल तर १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे त्याची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवणं कायद्याने लागतंच.

विकत घ्यायच्या आधी एखाद्या डिटेक्टर क्लबच्या डिगमध्ये, म्हणजे सगळे मिळून शेतात शोधायला जातात तेव्हा, कुणाची तरी १५ इंची अर्धा दिवस मागून वापरून बघा, लोक देतात. आणि तुमच्या त्या शेतात पूर्वी वस्ती होती का, सध्या पीक काय आहे, हे इथे लिहा, मग कुठल्या कॉइलने सुरुवात करायची ते नेमकं सांगता येईल.